ती काच मी भरलेली नाही

नाव : साधना संतोष काकड, वय ३६ वर्षे, व्यवसाय : वाहनांच्या पुढच्या काचेला पडलेले खड्डे भरणे, राहणार : मळ्यातील घर, गंगापूर गाव, ता. जि. नाशिक. माहेर : देवळा.

मी वरील नावाची बाई, मला कोणी बोलावणे धाडलेले नसताना आज स्वतःहून पोलीस ठाण्यात आले आहे आणि विचारल्यावरून, तसेच काही ठिकाणी न विचारताही, माझे म्हणणे लिहून देते ते येणेप्रमाणे.

व्यवसायापुढे प्रथम 'घरकाम' असे लिहिले गेले होते. घरकाम मी करतेच. परंतु या प्रकरणाशी माझा संबंध त्या कामामुळे येत नाही, म्हणून ते बदलून घेतले आहे.

मी वरील ठिकाणी पती संतोष व सासू नवसाबाई यांच्यासह राहते. आमची झेंडू व शेवंतीची शेती आहे. शेती पती पाहतात. फुले शहरातील बाजारात नेऊन विकण्याचे काम सासूबाई करतात. मी त्यांना आत्याबाई म्हणते. गंगापूर रोडला, आनंदवलीच्या पुढे, रस्त्यालगत माझी पत्र्याची टपरी आहे. लग्नानंतर मी सातपूरला गाड्यांच्या काचा बसवणाऱ्या एका दुकानात बिले करायला होते. तेथील कारागिराचे बघून बघून मी हे काम शिकले. ते दुकान बंद झाले तेव्हा त्यांची हत्यारे मी घेतली व टपरी टाकली.

आत्याबाईंना माझे हे काम पसंत नाही. बाईमाणसाने रस्त्यावर परक्याच्या गाडीवर वाकून उभे राहावे हे त्यांना बरे वाटत नाही. फुलांचे गाठोडे घेऊन त्या सकाळी रिक्षाची वाट पाहतात. माझ्या टपरीला सावली आहे व बसायला बाकडे आहे. तरी त्या तेथे थांबत नाहीत. टपरीच्या अलीकडे जे वळण आहे, त्या वळणावर रस्त्याच्या कडेला उभ्या राहतात.

माझ्या कामाची पद्धत विचारल्यावरून सांगते. गाडीची पुढची काच ही दोन काचा एकमेकींना चिकटवून केलेली असते, मध्ये प्लास्टिकचा पातळ पापुद्रा असतो. पुढच्या गाडीच्या चाकाखालची खडी उडून लागली की बाहेरच्या काचेला खड्डा पडतो. आत बारीक फटी तयार होतात व त्यांत हवा शिरते. हवा शिरली म्हणूनच तो डाग डोळ्याला दिसतो. मी आधी सुईने आतला काचेचा चुरा काढते, ओल असेल तर गरम हवेने सुकवते. मग काचेवर रबरी चूषक लावून त्यावर पितळी नळी घट्ट बसवते. नळीने फटीतली हवा ओढून घ्यायची आणि त्याच नळीने दाब देऊन रेझिन आत सोडायचे, असे आलटून पालटून करावे लागते. रेझिन म्हणजे पातळ, पारदर्शक द्रव. ते फटीच्या टोकापर्यंत पोहोचले की वर पातळ फिल्म ठेवून जांभळ्या दिव्याखाली धरायचे, म्हणजे ते काचेसारखे कडक होते. शेवटी वरचा जादा भाग ब्लेडने खरवडून घासून सपाट करायचा. घाई केली तर हवेचा बुडबुडा आत राहतो. उन्हात केले तर रेझिन आत जाण्याआधीच आळते. म्हणून मी टपरीला दोन्ही बाजूंनी हिरवे कापड लावले आहे.

कितीही चांगले भरले तरी खूण थोडी राहतेच. म्हणून चालकाच्या थेट डोळ्यांसमोरचा मोठा खड्डा मी भरत नाही. काचेच्या कडेपर्यंत चीर गेलेली असेल तर भरत नाही. अशी काच बदलावीच लागते. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते. काहीजण रागावून जातात. गेले तर जाऊ देते.

दिवाळीनंतर थंडी सुरू झाली तेव्हाची गोष्ट आहे. शाळेतील मुलांची ने-आण करणारी एक पिवळी गाडी माझ्या टपरीवर आली. चालक सावळीराम बुधा भोये हे होते. ते मूळचे पेठ तालुक्यातील असून त्यांना मी याआधी रस्त्याने जाता-येता पाहिले होते, बोलणे नव्हते. गाडीचे मालक ललित देवरे असून त्यांच्या अशा बऱ्याच गाड्या आहेत. सावळीराम यांनी मला काच दाखवली. खड्डा चालकाच्या बरोबर समोर, किंचित डाव्या हाताला होता. त्यातून चांदणीसारखे पाय निघालेले होते आणि एक पाय लांब गेलेला होता. गाडी बरेच वेळा धुतल्यामुळे फटीत घाण पाणी जाऊन त्या काळ्या पडल्या होत्या.

मी त्यांना सांगितले, "ही भरून उपयोग नाही, काका. काच बदलायला लागेल."

ते म्हणाले, "मला बी तेच वाटत होतं ताई. पण हे मी बोललो तर शेठला पटायचं नाय. तुम्ही बोला."

त्यांनी माझ्यासमोर मालकांना फोन लावला व मोठ्या आवाजावर ठेवला. मालकांचे बोलणे मी स्वतःच्या कानांनी ऐकले. ते म्हणाले, "भरून दे म्हणावं तिला. वरून दिसलं नाही पाहिजे, एवढंच."

मी फोनवर म्हणाले, "भरलं तरी सकाळी सूर्य समोर आला की तेवढा भाग पांढरा होईल. गाडी सकाळीच शहराकडे जाते ना? म्हणजे ऊन समोरूनच येणार. त्यात मुलं असतात."

मालक म्हणाले, "तुम्हाला काम करायचंय की भाषण? नसेल करायचं तर दुसरा करील."

यावर सावळीराम म्हणाले, "शेठ, मला आत्ताच सकाळचं नीट दिसत नाय. तेवढ्या जागेत काहीच दिसत नाय."

मालकांनी फोन ठेवला. मी काचेला हात लावला नाही. गाडी आली तशी गेली. या बोलण्याच्या वेळी मी व सावळीराम यांच्याखेरीज तेथे कोणी नव्हते. साक्षीला दुसरे कोणी नाही हे मला ठाऊक आहे. तरीही ते घडले आहे.

त्यानंतर काही दिवसांनी सावळीराम यांनी रिकामी गाडी माझ्या टपरीपुढे थांबवली. खड्ड्याच्या जागी चकचकीत फुगवटा दिसत होता. त्यांनी सांगितले की, मालकांनी आपल्याच आवारात गाड्या दुरुस्त करणाऱ्या एका माणसाकडून झटपट चिकटणाऱ्या डिंकाने ते बुजवून घेतले. 'चालवायची तर चालव, नाहीतर किल्ली ठेव' असे त्यांना सांगण्यात आले होते.

मी म्हणाले, "किल्ली देऊन टाका."

ते म्हणाले, "दिली असती ताई. पण लगेच दुसरा बसेल. तो माझ्यासारखा हळू चालवायचा नाय. पोरांची मला सवय झालीय."

ते गेले.

अपघाताच्या दिवशी सकाळी मी टपरी उघडत होते. सूर्य नुकताच वर आला होता. वळणाकडून ब्रेकचा आवाज आला व मुलांचे ओरडणे ऐकू आले. मी धावत गेले. पिवळी गाडी रस्त्याच्या डाव्या कडेला थांबलेली होती. झेंडूचे गाठोडे फुटून फुले डांबरावर पसरली होती. आत्याबाई खाली पडल्या होत्या. सावळीराम खाली बसून त्यांचे डोके मांडीवर धरून होते आणि माणसांना रिक्षा थांबवायला सांगत होते. ते पळून गेले नाहीत व पळण्याचा प्रयत्नही त्यांनी केला नाही. त्यांच्या तोंडाला दारूचा वास नव्हता. मी त्यांच्या अगदी जवळ बसले होते, म्हणून हे सांगते. मुलांपैकी कोणाला लागले नाही. गाडी हळू होती.

माझे पती मळ्यातून मोटारसायकलवर तेथे आले. आत्याबाईंना रिक्षात घातले. त्या शुद्धीवर होत्या. पती त्यांच्यासोबत बसून दवाखान्यात गेले. मला म्हणाले, "तू मागून ये."

मी लगेच गेले नाही. मी गाडीत चढले आणि चालकाच्या जागेवर बसून समोर पाहिले. ऊन समोरून येत होते. डिंकाने बुजवलेला सगळा भाग पांढरा झाला होता, दुधाचा हात फिरवल्यासारखा. रस्ता दिसत होता. समोरच्या गाड्या दिसत होत्या. रस्त्याची डावी कड, जेथे आत्याबाई उभ्या होत्या ती, मला दिसली नाही. मी मान हलवली तेव्हा दिसली. परत सरळ बसले तेव्हा दिसली नाही. जमलेल्यांपैकी एकाने "सासू तिकडे दवाखान्यात आणि ही गाडीत बसून काय बघते" असे म्हटले. ते मी ऐकले. पण दुपारी ऊन वर गेल्यावर ते कोणालाच दिसले नसते, म्हणून मी तेव्हाच पाहिले. आजही तीच वेळ आली तर मी तसेच करीन.

आत्याबाईंचा उजवा पाय मांडीत मोडला आहे. शस्त्रक्रिया झाली असून त्या अजून दवाखान्यात आहेत.

माझे पती संतोष यांनी त्याच दिवशी चालकाविरुद्ध तक्रार दिली. 'भरधाव व बेदरकारपणे गाडी चालवून माझ्या आईस धडक दिली' असे त्यात लिहिले असल्याचे मला नंतर कळले. माझे पती खोटे बोलणारे नाहीत. ते त्या वेळी मळ्यात होते. गाडी भरधाव होती व चालक प्यायलेला होता हे त्यांना ललित देवरे यांनी दवाखान्यात सांगितले व त्यांनी ते खरे धरले.

सावळीराम यांना अटक झाल्यानंतर ललित देवरे माझ्या टपरीवर आले. सोबत दुसरे कोणी नव्हते. बाकड्यावर बसले. त्यांनी पाणी मागितले, मी दिले. ते म्हणाले, "ताई, तुम्ही देवळ्याच्या, मी बी देवळ्याचा. आपल्या माणसाजवळ बोलायला काय हरकत." नंतर अहिराणीत म्हणाले, "तू ते आपलीच शे." म्हणजे तू तर आपलीच आहेस.

मी म्हणाले, "मराठीतच बोला. मला नंतर सांगावं लागेल."

नंतर त्यांनी सांगितले ते असे : त्यांनी पोलिसांना सांगितले आहे की काच माझ्या टपरीवर रीतसर भरून घेतली होती, गाडीत काही दोष नव्हता, दोष चालकाचा आहे. मी फक्त 'होय, मी भरली' एवढे म्हणावे. आत्याबाईंचा दवाखाना ते सगळा बघतील. त्यांच्या सर्व गाड्यांचे काचेचे काम मला मिळेल. "तुमच्या सासूबाईंचंच भलं आहे यात. ड्रायव्हर काय, आज आत आहे, उद्या जामिनावर सुटेल."

मी म्हणाले, "ते काम माझ्या हातचं नाही. मी ते माझं म्हणणार नाही."

ते म्हणाले, "तुमची टपरी रस्त्याला लागून आहे. एक फोन केला तर उचलून नेतील."

मी त्यांना माझा डबा दाखवला. चूषक, नळी, दिवा, सुया आणि रेझिनच्या बाटल्या एवढे सगळे त्या एका डब्यात मावते. मी म्हणाले, "टपरी न्या. हा डबा स्कूटरला अडकवते आणि गिऱ्हाइकाच्या दारात जाऊन काम करते. हिरवं कापड तेवढं सोडा, ते मी शिवलेलं आहे."

ते उठून गेले. पाण्याचा ग्लास त्यांनी तसाच भरलेला ठेवला होता.

त्याच संध्याकाळी माझे पती मला म्हणाले, "तू यात पडू नकोस. आई माझी आहे."

मी म्हणाले, "आई तुमची आहे म्हणून तर सांगते. त्यांना कोणी पाडलं ते तुम्हाला ठाऊक असायला नको?"

ते म्हणाले, "ड्रायव्हरनं पाडलं. गाडी कोण चालवत होतं? काच चालवत होती का?"

मी त्यांना मालकांचे फोनवरचे बोलणे सांगितले. ते सगळे ऐकून घेतल्यावर म्हणाले, "समजा खरं आहे. पण तू ड्रायव्हरच्या बाजूने बोललीस तर गावात लोक काय म्हणतील? सासूला पाडणाऱ्याला सून सोडवते. आणि दवाखाना? देवऱ्यांनी हात काढून घेतला तर?"

मी त्यांना सांगितले की, फुलांवर आणि काचांवर आपले आजवर चालले आहे, दवाखानाही चालवू. त्यावर ते माझ्याशी बोलले नाहीत. अजूनही बोलत नाहीत. जेवण वाढले की जेवतात. त्यांच्यावर माझा राग नाही. हे वाक्य तसेच लिहावे अशी माझी विनंती आहे.

काल दुपारी मी दवाखान्यात आत्याबाईंजवळ होते. पती औषध आणायला खाली गेले होते. आत्याबाईंनी मला जवळ बसायला सांगितले. विचारले, "मी त्याला दिसले नाय का गं?"

मी म्हणाले, "नाही दिसलात, आत्याबाई."

"तुला कसं ठावं?"

"मी त्याच्या जागेवर बसून बघितलं."

त्या म्हणाल्या, "संतोष म्हणतो तो पिऊन होता. त्यानं मला उचललं तवा मी शुद्धीत होते. वास नव्हता. माय, माय करत होता."

मग त्यांनी विचारले, "ती काच तू भरली म्हणत्यात."

"मी नाही भरली. मी नाही म्हटलं होतं."

"तुझ्याकडं आणली तर होती?"

"आणली होती. भरण्यासारखी नव्हती."

त्या म्हणाल्या, "मंग हे तू इथं बसून मला काय सांगती? जिथं सांगायचं तिथं जाऊन सांग." नंतर म्हणाल्या, "पाय माझा मोडलाय. त्याचा सौदा मला इचारल्याबिगर कोणी करायचा नाय. संतोषनं बी नाय. साहेबाला म्हणावं इथं या, मी बी सांगते. अंगठा उठवते."

मी त्यांच्या सांगण्यावरून आलेले नाही. मी येणारच होते. पण त्यांनी असे सांगितले हे खरे आहे आणि त्यांचाही जबाब दवाखान्यात जाऊन घ्यावा, असे माझे म्हणणे आहे.

आज ठाण्यात आल्यानंतर, 'ती काच तुम्ही भरलेली नाही हे कशावरून' असे मला विचारण्यात आले. मी म्हणाले, गाडी मागच्या आवारातच उभी आहे, चला, दाखवते. साहेबांनी दोन पंच बोलावले. आम्ही सर्वजण गाडीजवळ गेलो. पंचांसमोर व साहेबांच्या परवानगीने मी काचेवरील फुगवटा ब्लेडच्या कडेने एका बाजूला खरवडला. वरचा थर खपलीसारखा निघाला. खाली खड्डा जसाच्या तसा उघडा होता. फटी काळ्याच होत्या, त्यांत काहीही गेलेले नव्हते. रेझिन दाबाने आत सोडलेले असते तर फट भरली असती व ते ब्लेडने निघाले नसते. बाकीचा थर मी खरवडला नाही. तो तसाच राहू द्यावा व काच काढून जपून ठेवावी, असे मी सांगितले. साहेबांनी त्यांतल्या एका पंचाला चालकाच्या जागेवर बसवून समोर विजेरी धरली. तो पंच म्हणाला, "काय दिसत नाही साहेब, नुसता उजेड." तसे पंचनाम्यात लिहून घेण्यात आले आहे. ललित देवरे यांना उद्या ठाण्यात बोलावण्यात येणार असल्याचे मला सांगण्यात आले.

मला असेही विचारण्यात आले की, चालकाची काहीच चूक नाही असे तुमचे म्हणणे आहे काय. माझे म्हणणे तसे नाही. दिसत नसताना त्यांनी गाडी चालवली. ते त्यांनी मला सांगितले आहे व ते साहेबांनाही सांगतील, ते लपवणारे नाहीत. पण त्यांनी 'दिसत नाही' हे मालकांना माझ्यासमोर सांगितले होते आणि मालकांनी फोन ठेवला होता. शिक्षा द्यायची ती कायद्याने द्यावी. मात्र जो माणूस आत बसला आहे तो एकटाच बसावा आणि ज्याने काच बुजवून घेतली त्याने माझ्या टपरीवर येऊन पाणी मागावे, हे मला मान्य नाही.

माझा जबाब माझ्या पतींच्या तक्रारीच्या विरुद्ध जातो, याची मला जाणीव करून देण्यात आली. ती मला आधीपासून आहे. माझे पती आज माझ्या मागोमाग ठाण्यात आले असून बाहेर व्हरांड्यातील बाकावर बसले आहेत. आत येण्यास त्यांनी नकार दिला. परत जाण्यासही नकार दिला.

मी हा जबाब कोणाच्या दबावाखाली, लोभाने किंवा रागाने दिलेला नाही. न्यायालयात बोलावल्यास हेच सांगेन.

वरील मजकूर मला वाचून दाखवण्यात आला. तो बाहेर बाकापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने वाचावा असे मी म्हटले व त्याप्रमाणे सुरुवातीपासून पुन्हा वाचण्यात आला. मी सांगितले तसेच लिहिले आहे. काही वगळायचे आहे का, असे मला विचारले. वगळायचे काही नाही.

सही : साधना संतोष काकड